तोड्याची बंदूक : गंजाच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५, औसा

काका आज सकाळच्या एसटीनं आले. सोबत नातू, आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळून वर सुतळी बांधलेली बंदूक. ओट्यावर सोडली तेव्हा फडक्याला आतून तांबडी भुकटी लागलेली होती. नातू माझ्याकडे आयटीआयला फिटर ट्रेडला होता, त्यानंच काकांना इकडे आणलं. म्हणाला, "सर, खंडेनवमीपर्यंत नवी करकरीत झाली पाहिजे." काका म्हणाले, "करकरीत नको. पहिली काळी होती, तशी काळी कर."

तोड्याची बंदूक. नळी पावणेचार फुटांची, दस्ता शिसवाचा, वजन पावणेचार किलो. नळी दस्त्याला कातड्याच्या वाद्यांनी आवळलेली होती. त्यांतली एकच शिल्लक, तीही वाळून लाकडासारखी झालेली. तोडा, म्हणजे पेटती वात, धरायचा घोडा आहे, दारूची चिमूट ठेवायची रंजकदाणी आहे, तिचं झाकण गेलंय. कानात, म्हणजे नळीत आग शिरते त्या छिद्रात, जुना खिळा ठोकून वरून घासून सपाट केलाय.

आधी कागद. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य शस्त्राला सूट आहे. पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे आपण घरात बसून ठरवायचं नसतं. काकांनी ती ठाण्यात दाखवून लेखी घेतलंय, त्याची झेरॉक्स मी या वहीत चिकटवली. माझ्याकडून ठरलं ते असं : काम फक्त पृष्ठभागाचं. कानातला खिळा हलवायचा नाही, कळ चालू करायची नाही. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, देशाबाहेर नेता येत नाही. हे नातवाला मुद्दाम सांगितलं, कारण विकली तर किती येतील हे त्यानं वाटेत काकांना विचारलं होतं.

१३ एप्रिल

कुठलीही ठासणीची बंदूक हातात आली की पहिलं काम तिचं पोट तपासायचं. जुन्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या भरलेल्या राहतात, आणि कोरडी दारू शंभर वर्षांनीही पेटते. बाहेरून तोंडापासून कानापर्यंत मोजलं, साडेचव्वेचाळीस इंच. आतून बांबूची कामटी एक्केचाळीसवर टेकली. साडेतीन इंच काहीतरी आहे. दारू, चिंधी आणि गोळी मिळून एवढंच भरतं.

नळीचं तोंड परसातल्या मातीच्या ढिगाकडे करून आडवी ठेवली. पिचकारीनं पाणी सोडलं, दोन थेंब साबण. दारू निघाली तर पुढं हात न लावता ठाण्यात कळवायचं, हे काकांशी फोनवर बोलून ठेवलं. घरातल्या सगळ्यांना त्या बाजूला जायला मनाई.

१५ एप्रिल

पाणी तांबूस मातकट आलं. काळं नाही, गंधकाचा वास नाही. कामटीनं हळूहळू उकरलं तर मातीची ढेकळं, आणि त्यांत वाळलेल्या कोळ्यांचे पाय. कुंभारमाशीचं घर. माशीनं पिल्लांसाठी कोळी भरून ठेवले आणि तोंड लिंपून गेली. आता कामटी पूर्ण जाते. आज झोप लागेल.

२० एप्रिल

वरचा थर गंजाचा नाहीच, तो पूजेचा आहे. दरवर्षी खंडेनवमीला हळद-कुंकू, गंध, झेंडूची फुलं, नारळाचं पाणी, आणि मग "गंजू नये म्हणून" करडईचं तेल. करडईचं तेल हवेत घट्ट होत जातं. पहिल्या वर्षी ते धातू राखतं, दहाव्या वर्षी त्याचा चिकट पापुद्रा होतो, धूळ आणि ओल धरून ठेवतो, आणि खाली गंज निवांत वाढतो. काकांना जो काळा रंग आठवतो तो बहुधा हाच : तेल, धूर, धूळ.

टर्पेंटाइनचे बोळे ठेवून वरून प्लॅस्टिक गुंडाळलं. दोन तासांनी थर मऊ झाला, बांबूच्या पातीनं निघाला. शेवटी अ‍ॅसिटोन. पापुद्र्यात हळदीचा पिवळा, वर कुंकवाचा लाल, वर काळा, पुन्हा पिवळा. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखं. एक तुकडा डबीत ठेवला.

२१ एप्रिल

थर गेल्यावर नळीच्या दोन बाजू दोन वेगळ्या बंदुकांच्या वाटतात. डावी बाजू तांबूस, वरवरची. उजवी बाजू खाल्लेली. खड्डे मोजले, सगळ्यात खोल सहा दशांश मिलिमीटर. मध्याच्या थोडं पुढं एक चेप आहे, तिथं नळी सूतभर वाकलीय.

काकांना फोन करून विचारलं. ते जरा थांबून बोलले. किल्लारीच्या परिसरातला त्यांचा वाडा, दगड आणि पांढरीची माती, वर माळवद. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात खाली आला. अनंत चतुर्दशीची रात्र, गावोगाव माणसं विसर्जन करून नुकती झोपलेली. बंदूक देवघराच्या भिंतीवर खुंटीला होती. ढिगारा उपसताना सव्वा महिन्यानं ती तुळईखाली सापडली, उजव्या कुशीवर, ओल्या मातीत. त्या दिवसांत वर पाऊसही होता. "घरातली तीन माणसं गेली," काका म्हणाले, "आन् ही निघाली." मग वीसेक वर्षं ती पुनर्वसनातल्या घरात पत्र्याखाली टांगलेली.

म्हणजे चेप तुळईचा आहे. आणि उजव्या बाजूच्या खड्ड्यांत पांढरीची माती आहे. ही साधी माती नव्हे. माणसांनी आणि जनावरांनी शेकडो वर्षं वापरलेली गावठाणाची माती, क्षारांनी भरलेली. जुन्या काळी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा असल्याच मातीतून धुऊन काढत. तो क्षार खड्ड्याच्या तळाशी बसलाय. तो बाहेर आल्याशिवाय वर कोणताही रंग चढवला तरी दोन पावसाळ्यांत फुगून येईल.

२६ एप्रिल

भंगारातून बैलगाडीचा जुना आख आणलाय, सगळे प्रयोग आधी त्याच्यावर. शेजाऱ्यांचं म्हणणं चिंच लावा, गल्लीतल्या मोटारसायकल मेकॅनिकचं म्हणणं ग्राइंडरला वायर ब्रश लावा. दोन्ही करून पाहिलं. चिंचेनं आख रात्रीत पांढरा पडला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा पिवळा झाला, कारण आंबट पाणी खड्ड्यांतून निघत नाही. वायर ब्रशनं चमक आली, पण ती धातूच्या कडा मोडून आलेली चमक. खड्ड्यातला गंज तिथंच राहिला, वरून बुजला.

कानस आणि पॉलिश पेपर यांचा तर विचारच नको. सहा दशांशाचा खड्डा घालवायचा तर सगळी नळी सहा दशांशानं उतरवावी लागेल. मग नळीवर जे काही असेल तेही गेलं.

राहिला उकळण्याचा मार्ग. तांबडा गंज शुद्ध पाण्यात उकळला की त्याचा काळा, घट्ट, लोहचुंबकाला चिकटणारा गंज होतो. धातूला धक्का लागत नाही, आणि उकळताना क्षारही पाण्यात उतरतात. बंदुकांना काळा रंग चढवायची जुनी पद्धतही हीच : मुद्दाम गंजवायचं, उकळायचं, हलकं पुसायचं, असं सहा-आठ वेळा. आपल्याकडे गंजवायचं काम आधीच झालेलं आहे.

४ मे

पहिली उकळी. स्टीलच्या कोठ्या बनवणाऱ्याकडून चार फुटांची डोणी करून घेतली. गॅल्व्हनाइजची पन्हळ स्वस्तात मिळत होती, पण तिचं जस्त पाण्यात उतरतं. पाणी हा इथला खरा प्रश्न. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की पातेल्याला महिन्यात पांढरा थर येतो. ज्या लातूर जिल्ह्याला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, तिथं बंदूक उकळायला पन्नास लिटर डिस्टिल वॉटर बॅटरीवाल्याकडून आणताना संकोच वाटला. पण बोअरचं घातलं असतं तर एक क्षार काढून दुसरा भरल्यासारखं झालं असतं.

खाली तुराट्यांचा जाळ. गॅसच्या दोन शेगड्यांवर मधला भाग गार राहत होता, तुराट्या सगळीकडे सारख्या लागल्या. पाऊण तास. वीस मिनिटांनी तांबडा रंग तपकिरी झाला, मग गडद, मग मखमलीसारखा काळा. नातू आला होता, त्यानं व्हिडिओ काढला. मलाही आजवर हे आखाच्या तुकड्यावरच पाहायला मिळालं होतं.

बाहेर काढून गरम असतानाच अ‍ॅसिटोन, मग अगदी बारीक स्टील वूल. ते वूलही आधी अ‍ॅसिटोनमध्ये धुऊन घ्यायचं, कारखान्यातून ते तेल लावून येतं. पुसायचं म्हणजे सुटा काळा उचलायचा, घासायचं नाही.

५ मे

उकळीचं पाणी ओळखीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की क्लोराइड असल्यास पाणी दुधाळ होतं. नुसतं डिस्टिल वॉटर काचेसारखं राहिलं. आपलं पाणी ताकासारखं झालं.

१८ मे

तिसरी उकळी. पाणी आता ताक नाही, तांदळाच्या धुवणासारखं.

२६ मे

अवकाळीनं आठवडाभर मुक्काम ठोकलाय, मे महिन्यात भिंती ओल धरायला लागल्यात. सकाळी भिंग घेऊन बसलो तर उजव्या बाजूला खड्ड्यांच्या तोंडावर घामासारखे थेंब, मोहरीएवढे, पिवळट तपकिरी. काल तिथं काही नव्हतं. ज्या लोखंडात क्षार उरलाय ते दमट हवेत असं पाझरतं. कोरड्या उन्हात मला वाटलं होतं काम झालं. पावसानं बरोबर दाखवलं कुठं झालं नाही ते.

एकोणीस ठिकाणं मोजून नळीच्या नकाशावर टिंबं काढली. सगळी उजव्या कुशीवर, चेपाच्या आजूबाजूला दाट.

पत्र्यावरून उतरणारं पाणी पहिला अर्धा तास सोडून मग स्टीलच्या पिंपात धरलं. प्रयोगशाळेत तपासलं, जवळजवळ डिस्टिलसारखं. आता विकत घ्यायला नको.

८ जून

पाचवी उकळी करणार होतो, ती थांबवली.

कानाच्या आजूबाजूला, नळीच्या बुडाला चार बोटं जागा आहे. तिथला गंज जाड, कवचासारखा, म्हणून ती जागा मी शेवटी ठेवली होती. उकळ्यांनी ते कवच सैल झालं आणि आज एक टिकली उडाली. खाली पिवळं दिसलं. आधी वाटलं हळदच उरली असेल. दहापटीच्या भिंगाखाली धरलं तर तार. केसाएवढी सोन्याची तार, वळण घेऊन कवचाखाली शिरलेली.

कोफ्तगारी. पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा कोरून पृष्ठभाग खरबरीत करतात, त्यावर सोन्याची तार ठेवून ठोकतात. रेघांच्या दातांत ती अडकून बसते. डिंक नाही, डाग नाही, नुसती पकड. खालचं पोलाद गंजलं की दात जातात आणि सोनं कवचावर तरंगत राहतं. स्टील वूलचा एक हात आणि ते गेलं.

मी चार वेळा या नळीवर स्टील वूल फिरवलंय. बुडाकडे नेलं नव्हतं, असं वहीत लिहिलेलं आहे, तरीही सगळी वापरलेली वूल आणि पुसायची फडकी पिशवीतून काढून भिंगाखाली तपासली. सोनं सापडलं नाही.

९ जून

रात्रभर एकच विचार. कोफ्तगारी असलेली ही नळी नुसती काळी असेल असं वाटत नाही. ज्यानं ही घडवली त्यानं उरलेलं पोलाद उजळ किंवा पाणीदार, म्हणजे लाटांसारख्या नक्षीचं, ठेवलं असावं. डावी बाजू पुन्हा पाहिली. साफ झालेल्या जागी तिरकस पट्टे दिसतात, दोरीला पीळ असावा तसे. म्हणजे पट्ट्या पिळून जोडलेली नळी. असं पोलाद हिराकसाच्या, म्हणजे लोहाच्या एका क्षाराच्या, पाण्यानं पुसलं की नक्षी वर येते. आपल्यापासून फार लांब नाही, गोदावरी नांदेडहून खाली उतरते त्या निजामाबादेकडे कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथलं पोलाद न्यायला इराणातले व्यापारी येत. ही नळी तिथल्या लोखंडाची असं म्हणायला माझ्याजवळ काही नाही. पण ज्या मुलखात अशी कला होती त्या मुलखातली ती आहे.

तर काकांना हवी ती काळी बंदूक ही बहुधा मुळात नव्हतीच. आणि नातवाला हवी ती करकरीत करायची तर डाव्या बाजूला हिराकस लावायचा, उजवी घासायची. हिराकसाचा मोह मोठा होता, तासाभराचं काम आणि लाटांसारखी नक्षी. पण तोही क्षारच. पाच आठवडे क्षार काढत बसलोय, तो परत खड्ड्यांत घालायचा नाही.

काकांना बोलावलंय.

१५ जून

काकांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. पहिला प्रश्न, "पुसलं तर जाईल का हे?" जाईल म्हटलं. "मग पुसू नको."

काळ्या रंगाचं सगळं समजावून सांगितलं. त्यांना पटायला वेळ लागला, आणि ते साहजिक आहे. मी त्यांच्या लहानपणीच्या आठवणीला तेल आणि धूर म्हणत होतो. शेवटी म्हणाले, "तू म्हणायलास तर असंल. पर आमच्या बापानं काळीच पाह्यली." ते मी वहीत लिहून ठेवतो, कारण तीही या बंदुकीची एक अवस्था आहे. पापुद्र्याची डबी त्यांना दिली.

चेपाबद्दल नातवानं विचारलं, सरळ करता येईल का. काका म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही."

ठरलं : गंज थांबवायचा. नवा रंग चढवायचा नाही. खड्डे खड्डेच राहतील.

२२ जून ते ३ ऑगस्ट

बुडाचं काम. रोज सकाळी दीड तास, ऊन तिरकं असताना. दुपारनंतर हात जड होतो. हत्यार म्हणजे बाभळीचा काटा. सुई पोलादाची, ती सोनं ओरखडते. बांबूची कामटी एवढी बारीक होत नाही. बाभळीचा काटा गंजापेक्षा टणक नाही, पण सुटलेलं कवच उचलायला पुरतो, आणि बोथट झाला की दुसरा घ्यायचा. परसातल्या एका फांदीवर सव्वा महिना निघाला.

आधी कवचावर अ‍ॅसिटोनचा थेंब, मग काट्याचं टोक कडेला, मग कण उडेपर्यंत धीर. सोन्याची तार कुठं सुटी दिसली तर पॅरालॉइडचा पातळ थेंब ब्रशच्या एका केसानं खाली सोडायचा. हे संग्रहालयातले लोक वापरतात ते राळेसारखं द्रव्य. पुढं कुणाला काढायचं झालं तर अ‍ॅसिटोननं निघतं.

निघालेली नक्षी : एक वेल, दोन पूर्ण पानं, एका कमळाचा अर्धा भाग. कडेला टिंबांची रेघ. साधारण एक तृतीयांश सोनं टिकलंय. बाकी ठिकाणी नुसत्या कोरलेल्या रेघा आहेत, सोनं गेल्यानंतरच्या. त्या रेघाही तितक्याच मोलाच्या, त्यांच्यावरून वेलीची उरलेली वाट कळते. सोनं भरून वेल पूर्ण करून देतो असं एकानं सुचवलं. नको.

या दिवसांत उरलेल्या नळीच्या तीन उकळ्या केल्या, बूड पाण्याबाहेर ठेवून. स्टील वूल बंद, फक्त सुती फडकं.

१० ऑगस्ट

आठव्या उकळीचं पाणी सिल्व्हर नायट्रेटला काचेसारखं. तरी पावसाळी हवेत पंधरा दिवस उघडी ठेवून पाहायची.

२५ ऑगस्ट

एकोणीसपैकी दोन ठिकाणी पुन्हा घाम. तेवढ्याच जागी कापसाचा बोळा पावसाच्या पाण्यात भिजवून ठेवला, दिवसातून दोनदा बदलायचा, दर वेळी जागा कोरडी करून.

७ सप्टेंबर

दोन्ही जागा कोरड्या राहिल्या. आता खड्ड्यांसाठी टॅनिन. हिरडा आणि हिराकस मिळून काळी शाई होते, तोच प्रकार इथं उपयोगी पडतो : टॅनिन गंजातल्या लोहाला धरतं आणि निळसर काळं, न विरघळणारं संयुग होतं. हिरड्याचा काढा आखावर लावून पाहिला. रंग सुरेख आला, पण काढ्यात इतरही बरंच असतं, पृष्ठभाग चिकट राहिला. म्हणून टॅनिक अ‍ॅसिडची पूड आणली, डिस्टिल वॉटरमध्ये थोडं स्पिरिट घालून. फक्त खड्ड्यांत, बारीक ब्रशनं, तीन पातळ हात. बुडाला नाही.

यामुळे उजवी बाजू काळसर झाली. काकांची काळी थोडी तरी परत आली असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

१४ सप्टेंबर

दस्ता. वाळवीनं मागचं टोक पोखरलंय, पण बाकी शिसव ठणठणीत. माती ब्रशनं झाडली, जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून दोन हात, प्रत्येक वेळी उरलेलं तासाभरात पुसून. तेलाची फडकी पाण्यात बुडवून टाकली. जवसाच्या तेलाचा बोळा गोळा करून ठेवला तर आपोआप तापून पेटतो. जुनी वादी जागेवर, नवीन तीन मेणकापडाच्या सुती पट्ट्या. चामडं नको, ते ओल धरतं.

२१ सप्टेंबर

नळी हेअर ड्रायरनं हाताला सोसेल त्याहून जरा जास्त गरम केली आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेण सुती फडक्यानं जिरवलं. गार झाल्यावर दुसरा हात. डावी बाजू राखी, पिळाच्या रेघा अंधूक. उजवी काळी, खड्ड्याखड्ड्यांची. बुडाला वेल. बंदूक अशी दिसेल असं एप्रिलमध्ये माझ्या डोक्यात अजिबात नव्हतं.

२४ सप्टेंबर

पाऊस थांबेना. मांजरा आणि तेरणा पात्राबाहेर, काठची सोयाबीन पाण्यात. काकांच्या गावाचा रस्ता बंद आहे. या दिवसांत बंदुकीबद्दल लिहायला मन होत नाही. एवढंच की घरात कपडे वाळत नाहीत अशी हवा आहे आणि नळीवर घाम नाही.

३० सप्टेंबर

रस्ता उघडला. काका आणि नातू दुपारी आले. आजची तारीख कोणीच मोठ्यानं बोललं नाही. काकांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि अंगठा चेपावर ठेवून बसले. मग नातवाला वेल दाखवली, भिंग त्याच्या हातात देऊन.

पूजेचं बोलणं झालं. हळद-कुंकू बंदुकीला नको, पुढं पाटावर सुपारी मांडून तिला वाहायचं. फुलं पाटावर. नारळाचं पाणी लांब. तेल अजिबात नाही. काका म्हणाले, "आन् पाया?" पाया पडायला काय, हात जोडून पडा म्हटलं. बोटांचा घाम लोखंडाला नको. टांगायची ती आतल्या लाकडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला नाही; सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या, दर महिन्याला तापवून कोरड्या करून.

९ नोव्हेंबर

काकांच्या घरी जाऊन पाहणी. खंडेनवमीचं कुंकू कळीच्या पट्टीवर एक टिपका, कुणा लहान मुलाच्या बोटाचं असणार. कोरड्या ब्रशनं काढलं. चेपाच्या वरच्या अंगाला दोन तपकिरी ठिपके, मोहरीहून लहान. भिंगाखाली कोरडे निघाले, घाम नाही. काट्यानं उचलले, टॅनिनचा एक हात, मेण. नकाशावर वीस आणि एकवीस नंबर दिले. पुढची पाहणी संक्रांतीनंतर.